चंद्रीची कालवड विकली, त्यात चूक कुणाची?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या ३१ वर्षांच्या आहेत. घरी १२ संकरित होल्स्टिन गाई, त्यातल्या ८ दुभत्या, दिवसाचं दूध साधारण ९५ लिटर. धार, शेण, वासरं हे सगळं त्या आणि सासूबाई बघतात. व्यवहार सासऱ्यांकडे आहे, त्यांना त्या मामा म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात ताई कृषी विज्ञान केंद्रात पाच दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्या. चांगल्या गाईची कालवड घरी ठेवावी, वळू पारखून निवडावा, नोंदी ठेवाव्यात, असं तिथं शिकवलं. घरी येऊन हे बोलल्या तर मामा म्हणाले, "गोठ्यावर घर चालतं, शाळा नाही." दिवाळीआधी त्यांनी चंद्रीची गाभण कालवड ८५ हजारांना विकली. चंद्री ही गोठ्यातली सर्वांत चांगली गाय, १८ लिटरची. ते पैसे दिराच्या कॉलेजच्या फीला गेले. गाय भरवताना कुठली कांडी, म्हणजे वळूच्या सीमेनची (वीर्याची) नळी, वापरली, याची घरात कुणाला माहिती नसते. डॉक्टर आणतील ती. गौरी आणि हरणी या दोन गाई सारख्या उलटत राहिल्या, म्हणजे भरवूनही गाभण राहिल्या नाहीत, आणि चार-चार महिने जास्त भाकड बसल्या. आता त्यांच्या यजमानांना कुणीतरी बाराशे रुपयांची परदेशी कांडी सुचवली आहे. त्या वळूची आई म्हणे १२ हजार लिटरची. तिकडे मावसदीर सांगतात, सगळं विका आणि गीर आणा. ताई लिहितात: "नफ्यापुढं जात सुधारण्याचं कुणालाच पडलेलं नाही. मामांना कसं समजावू? की माझंच चुकतंय?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तुमचा राग जाणवला. दुसऱ्या वाचनात एका वाक्यावर थांबलो, ते तुम्ही जाता जाता लिहिलं आहे: पैसे दिराच्या फीला गेले. मामांनी कालवड का विकली, याचं उत्तर त्या वाक्यात आहे. त्यांना चंद्रीची किंमत कळत नाही म्हणून त्यांनी ती विकलेली नाही. ती किंमत कळते म्हणूनच विकली. घरात एकदम ८५ हजार उभे करायचे तर दूध पुरत नाही, दुसऱ्या कालवडीला तेवढे पैसे आले नसते आणि सोनं मोडायची किंवा सावकाराकडे जायची वेळ येऊ नये, असं त्यांना वाटलं असणार. छोट्या गोठ्यात गाभण कालवड म्हणजे घरातली ठेव असते.

म्हणून "नफा की सुधारणा" ही तुमची मांडणी मी आधी थोडी बाजूला ठेवतो. या दोन गोष्टी भांडत नाहीत, भांडण वेळेचं आहे. आज भरवलेली गाय सव्वानऊ महिन्यांनी विते. कालवड होण्याची शक्यता निम्मी. झालीच तर ती पंधरा ते अठरा महिन्यांनी भरवण्याजोगी होते, तेही वजन २५० किलोच्या पुढे गेलं तर, आणि मग पुन्हा नऊ महिने. म्हणजे आजच्या कांडीचं दूध कॅनमध्ये पडायला साधारण तीन वर्षं लागतात. डेअरीचं बिल मात्र दर दहा दिवसांनी येतं, आणि पेंडवाला त्याच दिवशी दारात उभा असतो. त्यात दुधाचा भाव तीन वर्षांनी काय असेल हे कुणीच सांगू शकत नाही. २०२४ साली दर इतके पडले होते की राज्य सरकारला गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं. असे दिवस काढलेला माणूस हातातला पैसा तीन वर्षांनंतरच्या पैशासाठी सोडायला कचरतो. त्याला अडाणी म्हणू नका.

दुसरं, बाजार ज्याचे पैसे देतो तेच माणूस पैदा करतो. डेअरी ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून लिटरवर भाव देते. ही गाय दर तेरा महिन्यांनी विते, हिचे खूर मजबूत आहेत, हिला दगडी (कासेची सूज) होत नाही, यासाठी कुठली डेअरी एक पैसा जास्त देते? बाजारात व्यापारी कास बघतो, सड बघतो, शिरा बघतो आणि किती लिटर ते विचारतो. तिची आई किती वेळा उलटली होती हे तो विचारत नाही, आणि विचारलं तरी खरं उत्तर मिळेल याची त्याला खात्री नाही. मग मामांनी त्या गुणांसाठी धीर का धरावा? उलट याच कारणामुळे गोऱ्ह्याला, म्हणजे नर वासराला, कुणी विचारत नाही. ट्रॅक्टर आल्यावर बैलाचं काम गेलं, आणि २०१५च्या कायद्याने बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आल्यावर संकरित गोऱ्हा सांभाळणं म्हणजे निव्वळ खर्च झाला. तुमच्या गोठ्यात निम्मी वासरं गोऱ्हे होत असतील, तर प्रत्येक गाईवरचा निम्मा धोका आधीच मामांच्या डोक्यावर आहे.

बाजार नेहमी जात बिघडवतोच असंही नाही. सांगली, सोलापूर, साताऱ्याकडे खिलार बघा. २०१४ साली शर्यतींवर बंदी आली तेव्हा खिलार खोंडांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात शर्यतींना वाट मोकळी केली, मे २०२३मध्ये घटनापीठाने ती कायम ठेवली, आणि चांगल्या खिलार गाईच्या पोटचा खोंड पुन्हा मोलाचा झाला. तिथले शेतकरी रंग, शिंगं, चाल, चपळाई बघून जोडी लावतात, कारण त्याचेच पैसे मिळतात. तुमच्याच जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या डोंगरात डांगी गाय आहे. तिच्या कातडीला तेलकटपणा असतो, धो धो पावसात भाताच्या चिखलात ती टिकते. तिथल्या माणसाच्या दृष्टीने सुधारलेली गाय ती. तुमच्या गोठ्यात तिला आणून बांधली तर दहा दिवसांचं बिल निघणार नाही, आणि तुमची चंद्री भंडारदऱ्याच्या पावसाळ्यात उघड्यावर बांधली तर ती आषाढ काढणार नाही. सुधारणा म्हटल्यावर कुठल्या जागेसाठी आणि कुणाच्या खिशासाठी, हे आधी बोलावं लागतं. प्रशिक्षणात हा भाग बहुतेक वेळा राहून जातो.

आता चंद्रीच्या कालवडीचा हिशेब करू. तो तुम्हाला थोडा लागेल, पण दिलासाही देईल.

तुमच्या दुभत्या गाईंची सरासरी १२ लिटर. चंद्री १८ लिटर, म्हणजे सरासरीपेक्षा ६ लिटर जास्त. हे सहाही लिटर रक्तातले नसतात. गाईगाईंच्या दुधात जो फरक दिसतो त्यातला साधारण चौथाई ते एक तृतीयांश भाग आनुवंशिक असतो. बाकी चारा, वेत, आजार, गोठ्यातली जागा, तुमचा हात. एक तृतीयांश धरला तर चंद्रीच्या रक्तातला वाटा झाला २ लिटर. त्यातला निम्मा कालवडीकडे जातो, कारण निम्मं रक्त बापाचं. राहिला १ लिटर. म्हणजे चंद्रीची कालवड गोठ्यातल्या इतर कालवडींपेक्षा सरासरीने लिटरभर सरस निघेल अशी अपेक्षा धरता येते. एखादी जास्त निघेल, एखादी कमी, पण भरवसा लिटरभराचाच. त्या लिटरसाठी दिराची फी थांबवायला हवी होती का? माझ्या मते नाही.

शिवाय १२ गाईंच्या गोठ्यात वर्षाला नऊ-दहा वितात. चार-पाच कालवडी होतात, एखादी दगावते. जुन्या गाईंच्या जागी वर्षाला दोन, फार तर तीन लागतात. म्हणजे एक-दोन कालवडी विकायच्याच आहेत. सगळ्या ठेवल्या तर चारा पुरणार नाही आणि गोठा दाटेल. तेव्हा विक्रीवर भांडू नका. कुठली विकायची हे कशाच्या आधारावर ठरलं, याचं उत्तर तुमच्या घरात कुणाकडेच नाही, तिथं लक्ष घाला.

त्याहून मोठी गोष्ट, जिच्यावर तुमच्या पत्रात एकच ओळ आहे: कुठली कांडी भरली हे घरात कुणाला माहीत नसतं. ताई, खरं नुकसान इथं आहे. प्रत्येक वासराचं निम्मं रक्त त्या कांडीतून येतं. आईची बाजू तुम्ही एकाच गाईच्या दुधावरून जोखता; पारखलेल्या वळूची बाजू कित्येक गोठ्यांतल्या त्याच्या मुलींच्या दुधावरून जोखलेली असते. छोट्या गोठ्यात कळपाची दिशा बहुतांशी वळूच ठरवतो. आणि त्याची निवड करायला मामांना काहीच सोडावं लागत नाही. कालवड ठेवायची तर ८५ हजार सोडावे लागतात. कांडी चांगली मागायची तर फार तर शंभर-दोनशे रुपयांचा फरक, तोही प्रत्येक वेळी नाही. इतके दिवस तुम्ही महागड्या गोष्टीवर भांडलात आणि स्वस्त गोष्ट हातातून निसटत राहिली.

आता बाराशेच्या परदेशी कांडीकडे येतो. इथं मी जरा लांबण लावणार आहे, कारण हा प्रश्न घरोघरी आहे आणि यात मी स्वतः एकदा चुकलो आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत करमाळ्याकडच्या एका घराला मी सगळ्यात जास्त दुधाच्या वंशाची कांडी सुचवली. कालवड देखणी झाली, पहिल्या वेताला २० लिटरवर गेली, घरात पेढे वाटले. पुढे ती चौदा महिने गाभण राहिली नाही. त्या वर्षी पाऊस नव्हता, उसाचं वाढं आणि कडबा यांवर तिचं पोट भरत होतं, आणि कासेला लागणारं सगळं ती स्वतःच्या हाडामांसातून देत होती. शेवटी ती निम्म्याहून कमी किमतीला गेली. त्या घरच्या आजी मला काही बोलल्या नाहीत, चहा दिला. ते न बोलणं मला अजून आठवतं. गाय चांगली होती. मी ती चुकीच्या दावणीला पाठवली होती.

हाच धडा अमेरिकेने फार मोठ्या आकारात शिकला आहे. १९६२ साली तिथं पॉनी फार्म अर्लिंडा चीफ नावाचा होल्स्टिन वळू जन्मला. त्याच्या मुली इतक्या दुधाळ निघाल्या की सगळ्यांनी त्याचंच सीमेन घेतलं. १६,००० मुली, लाखांनी नाती. आजच्या होल्स्टिन जातीच्या रक्तात त्याचा वाटा सुमारे १४ टक्के आहे. पण त्याच्या रक्तात एक दोषही लपलेला होता. आई आणि बाप दोघांकडून तो आला तर गर्भ पोटातच मरतो. २०११ साली जनुकीय तपासणीतून याचा सुगावा लागला. तोवरच्या दशकांत जगभर त्या दोषामुळे पाच लाखांवर गर्भ गेले असावेत आणि नुकसान ४२ कोटी डॉलरच्या घरात असावं, असा संशोधकांचा अंदाज आहे. गंमत म्हणून हे सांगत नाही; चीफच्या दुधाने मिळालेला फायदा त्या नुकसानीच्या कितीतरी पट होता, हेही त्याच संशोधकांनी मांडलं आहे. म्हणजे ते शेतकरी मूर्ख नव्हते. त्यांनी एकाच गुणामागे धाव घेतली, आणि गाय फक्त एका गुणाची बनलेली नसते.

त्याच काळात तिथल्या गाईंचं दूध वाढत गेलं आणि गाभण राहण्याचं प्रमाण घसरत गेलं. मग त्यांनी वळू जोखायची पट्टीच बदलली. १९९४पासून मुली गोठ्यात किती वर्षं टिकतात हे मोजायला लागले, २००३पासून मुली किती लवकर गाभण राहतात हेही. नॉर्वेने तर १९७०च्या दशकापासूनच आरोग्य आणि गाभण राहणं यांच्या नोंदींना निवडीत जागा दिली, म्हणून त्यांच्या तांबड्या गाईचं नाव झालं. घसरण थांबली ती शेतकऱ्यांनी नफा सोडला म्हणून नव्हे. भाकड दिवसांचा खर्चही त्यांनी नफ्याच्या हिशेबात धरला, म्हणून थांबली.

तुमच्याकडे परत येऊ. त्या वळूची आई १२ हजार लिटरची असेलही. पण ते दूध थंड हवेत, भरपूर मका मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) आणि तोलून दिलेल्या खुराकावर निघालं आहे. तुमच्याकडे एप्रिलमध्ये पत्रा तापतो, आणि तुमच्याच पत्रात मुरघास फक्त दोन महिने पुरतो असं लिहिलं आहे. शिवाय आईचं दूध हा त्या वळूचा पुरावा नव्हे, त्याच्या मुलींचं दूध हा पुरावा. विकणाऱ्याला विचारा: याच्या किती मुलींची नोंद आहे, आणि त्या लवकर गाभण राहतात का? उत्तर फक्त आईच्या लिटरचं आलं, तर बाराशे रुपये खिशातच राहू द्या.

आणखी एक. तुमच्या गाई किती पिढ्या होल्स्टिनच्या कांड्यांवर आल्या आहेत? मूळ गाय गावठी असेल तर पहिल्या पिढीला ५० टक्के विदेशी रक्त, दुसरीला ७५, तिसरीला साडेसत्त्याऐंशी. आपल्या हवामानात साधारण घरच्या व्यवस्थेला ५० ते ६२.५ टक्क्यांच्या आसपास राहणं सोयीचं, असं पैदासतज्ज्ञ बरीच वर्षं सांगत आले आहेत. ज्यांच्याकडे वर्षभर मुरघास, फॉगर, पंखे आणि मोकळा गोठा आहे ते ८७ टक्क्यांच्या गाईही छान सांभाळतात, हे मी नगर-पुणे पट्ट्यात पाहिलं आहे. तुमच्याकडे ती व्यवस्था अजून नाही. म्हणून सध्या परदेशी कांडीपेक्षा इथल्याच मुलींच्या दूधनोंदींवरून पारखलेला संकरित वळू मागा. असे वळू आता आपल्या देशात आहेत आणि त्यांच्या कांड्याही मिळतात. डॉक्टरांना आधी सांगून ठेवावं लागतं, इतकंच. गौरी आणि हरणी जास्त रक्ताच्या वाटत असतील तर त्यांना तर नक्कीच. पण त्या दोघी उलटतात त्याचा दोष फक्त रक्ताला देऊ नका. गाभण राहण्याच्या फरकात आनुवंशिक वाटा फारच थोडा असतो, शंभरात पाचहूनही कमी. बाकी सगळं खनिज मिश्रण, पोट, गर्भाशयाची तपासणी आणि माज, म्हणजे गाय भरवण्याजोगी असण्याची वेळ, ओळखणं.

मावसदिरांच्या गीरबद्दल थोडक्यात. गीर गुणी आहे, ऊन सोसते, फॅट चांगलं देते. पण गीरचं दूध साठ-सत्तरच्या पुढच्या भावाने विकलं जातं ते शहरात, घरोघरी बाटल्या पोचवणाऱ्यांचं. तुमचं दूध संकलन केंद्रावर जातं, तिथं गीरचं लिटर आणि होल्स्टिनचं लिटर एकाच मशीनमध्ये मोजलं जातं. ग्राहक आधी जोडा, गाय नंतर. आणि गीरच्या मोहात असणाऱ्या सगळ्यांना सांगतो: काठेवाडातून ब्राझीलला गेलेली हीच गीर तिथं आज भरपूर दूध देते, कारण त्यांनी १९८५पासून गोठ्यागोठ्यातल्या मुलींच्या नोंदींवरून वळू निवडले. त्यांचा गिरोलँडोही असाच उभा राहिला, पाच भाग होल्स्टिन आणि तीन भाग गीर. गाय आपल्याकडचीच होती. वह्या त्यांच्याकडे होत्या.

तेव्हा आता वहीचं बोलू.

शंभर पानी एक वही घ्या, प्रत्येक गाईला दोन पानं. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर वर लिहा. गाय भरवली की तारीख, वेळ आणि कांडीवर छापलेला वळूचा नंबर. डॉक्टर घाईत असतील तर रिकामी कांडी फेकू नका म्हणून सांगा. ती वहीत चिकटपट्टीने लावली तरी चालेल, मी कित्येक घरांत असंच करवून घेतलं आहे. हा नंबर नसेल तर दोन-तीन वर्षांनी त्याच वळूची कांडी त्याच्याच मुलीला भरली जाते आणि कुणाला कळतही नाही. अशा वासरात लपलेले दोष वर येण्याचा धोका वाढतो. गर्भ जातात, वासरं अशक्त निघतात. गौरी-हरणी उलटतात त्यात हेही असू शकेल. आज ते तपासायला तुमच्याकडे काहीच नाही.

महिन्यातून एक दिवस ठरवा, समजा दर महिन्याची १० तारीख. त्या दिवशी प्रत्येक गाईचं सकाळ-संध्याकाळचं दूध वेगळं मोजा. रोज मोजायची गरज नाही. वर्षाअखेर कुठली गाय वेताला किती देते हे अंदाजाने कळेल, आणि बरेचदा धक्का बसतो. विताना १८ लिटरवर चढून चौथ्या महिन्यात निम्म्यावर येणारी गाय डोळ्यांत भरते. शांतपणे १३ लिटर दहा महिने देणारी नजरेतून सुटते. चंद्री नेमकी कुठल्या प्रकारची, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. कदाचित तुम्हालाही अजून माहीत नसेल.

वर्षभराने गाई आपोआप तीन ढिगांत पडतील. वरच्या तीन-चार गाईंना पारखलेल्या वळूचं सॉर्टेड सीमेन लावा; त्यात शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात. पण एक काळजी घ्या: साध्या कांडीपेक्षा त्याने गाई कमी गाभण राहतात, म्हणून उलटणाऱ्या गाईला लावू नका. निरोगी, नियमित माजावर येणाऱ्या गाईला किंवा कालवडीलाच, पहिल्या-दुसऱ्या वेळी. मधल्या गाईंना साधी, पण नंबर माहीत असलेली कांडी. खालच्या दोघींच्या कालवडी विक्रीसाठी धरा. आणि विकताना वहीतलं दुधाचं पान व्यापाऱ्याला दाखवा. काही जण बघणारही नाहीत, पण लांबून येणारा जाणता गिऱ्हाईक थांबतो. मामांना ही गोष्ट लगेच पटेल.

माज बघायचं काम तुमचंच आहे, कारण पहाटे आणि रात्री गोठ्यात तुम्हीच असता. दिवसातून तीन वेळा, वीस-वीस मिनिटं, धारेच्या धांदलीत नव्हे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. कांडी नायट्रोजनमधून काढल्यावर कोमट, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट ठेवली जाते की हातावर चोळून वापरली जाते, तेही बघा. एक माज चुकला की २१ दिवस गेले.

आणि मामांना समजावायचं ते या २१ दिवसांनी. सुधारणा, जात, वंश हे शब्द काही महिने बाजूला ठेवा. गौरी-हरणी चार महिने जास्त भाकड बसल्या. एका भाकड गाईचा रोजचा खर्च २०० रुपये, असं तुम्हीच लिहिलं आहे. १२० दिवसांचे २४ हजार, दोघींचे ४८ हजार. कालवडीच्या निम्म्याहून जास्त पैसे, आणि त्यातून कुणाची फी भरली गेली नाही. हा आकडा मामांसमोर ठेवा. गेल्या वर्षी घरातून काय गेलं ते त्यांना दिसेल, तीन वर्षांनंतरचं स्वप्न दाखवावं लागणार नाही. जो माणूस पैशाचा हिशेब नीट करतो तोच या वहीचा सर्वांत चांगला साथीदार होतो, असं मी कित्येकदा पाहिलं आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला बोलल्याशिवाय राहवत नाही. धार तुमची, शेण तुमचं, रात्री वासरू अडलं तर उठता तुम्ही, आणि कालवड विकायची ठरली तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं नाही. तुमच्या रागातला निम्मा भाग पैदाशीचा नसून याचा असेल, तर तो रास्त आहे. मामांशी शांतपणे एक बोलणी करा: वर्षाला एक कालवड तुमच्या निवडीची, ती विकायची नाही, बाकीच्या विकायला तुमची ना नाही. यजमानांना आधी बरोबर घ्या. बाराशेची कांडी नको म्हणताना त्यांचा उत्साह मोडू नका. सॉर्टेड सीमेनचं काम त्यांच्याकडे द्या, दवाखान्यात बोलणं आणि आगाऊ मागणी नोंदवणं त्यांनी करावं. तुमची कालवड निवडताना आईचं दूध बघाच, पण ती किती वेळा उलटली, सड सारखे आहेत का, उन्हाळ्यात धापा टाकते का, हेही बघा. मामा नाही म्हणाले तर एक वर्ष वही चालवा आणि पुन्हा विचारा. आकडे हातात असलेल्या सुनेला नाही म्हणणं अवघड जातं.

आणि वही सुरू करायच्या दिवशी मामांना गोठ्यात बोलवा. चंद्रीची आई कुठल्या बाजारातून आणली, घोडेगाव की लोणी, तिला किती वेतं झाली, ती कशाने गेली, हे त्यांना सगळं तोंडपाठ असणार. त्या पिढीतल्या माणसांच्या डोक्यात चार-चार पिढ्यांच्या गाई असतात. कधी कुणी लिहून घेतल्या नाहीत. ते सांगतील, तुम्ही लिहा. पहिली दोन पानं चंद्रीची.

ती पुढच्या वेळी विली की मला कळवा. कालवड झाली की गोऱ्हा, आणि कांडीचा नंबर.